दक्षिण दालनाची ओल

सिन्नरच्या पूर्वेला, जिथे पूर्वी फक्त बाजरी आणि मेंढ्या होत्या, त्या माळावर एक दीपगृह उभे आहे. समुद्र तिथून दीडशे किलोमीटर दूर आहे. तरी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी त्याचा दिवा लागतो. मूळ जागी तो लागत असे, आणि कायद्याने तो लागायलाच हवा. दीपगृहाशेजारी एक जकातघर आहे, एक चर्च आहे, मासळीबाजाराची कमानींची इमारत आहे. किनारा पाण्याखाली जाऊ लागला तेव्हा त्यावरच्या तेवीस इमारती उचलून इथे आणल्या गेल्या. माणसांनी आपली सोय आपापली केली.

२०७४ साली या माळाला वारसापठार म्हणत. इथे येणाऱ्या इमारतीला एकच अट होती: तिचे स्थलांतर ‘अखंड’ असले पाहिजे. अखंड म्हणजे न कापता आणलेली असे नव्हे. इमारती हिऱ्याच्या तारेने कापून, तुकडे पेट्यांत भरूनच घाट चढवल्या जात. अखंड म्हणजे जिच्यातून काही काढलेले नाही आणि जिच्यात काही घातलेले नाही अशी. त्यासाठी प्रत्येक इमारतीची एक ‘घटकनोंद’ असे. वीट, खिडकी, बिजागरी, भिंतीतला खिळा, सगळे तिच्यात क्रमांकासह लिहिलेले. नोंदीतली वस्तू जागेवरून हलवता येत नसे. इमारतीला उभे राहण्यासाठी यंत्राचा आधार लागला, तर तिची श्रेणी ‘अखंड’वरून ‘आधारित’वर येई आणि तिचा भूखंड रांगेतल्या पुढच्या इमारतीला मिळे. रांगेत तेव्हा चाळीस इमारती होत्या.

तेविसावी इमारत करंजवे इथल्या स्त्रियांच्या मनोरुग्णालयाची. खाडीच्या मातीच्या साडेअकरा लाख विटा, दोन फूट जाड भिंती, उत्तर आणि दक्षिण अशी दोन लांब दालने. करंजव्यात शेवटच्या वर्षी भरतीचे पाणी रोज दोनदा तळमजल्यावर येत होते. इमारत दोनशे बारा तुकड्यांत वर आली आणि जोडली गेली. आतल्या एकशे अठरा बायकाही आल्या. त्यांना काही महिन्यांपुरते जुन्या दालनांतच ठेवायचे, जिचे कोणी आहे तिला घरी पाठवायचे, उरलेल्यांची नव्या वसतिगृहात सोय करायची आणि मग इमारत पाहुण्यांना खुली करायची, असे ठरले होते.

ओवी घरत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आत्याला न्यायला आली. ती नाशिकच्या पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होती. आत्याचे अस्तित्व तिला वर्षभरापूर्वी कळले होते, वडील वारल्यानंतर त्यांचा कप्पा आवरताना. कप्प्यात रुग्णालयाची एकोणतीस पत्रे होती, दर वर्षाचे एक. मजकूर तोच: हर्षला घरत हिची प्रकृती चांगली आहे, तिला घेऊन जावे. हर्षलाला सासरच्यांनी चोविसाव्या वर्षी, माहेरचे नाव लावून, करंजव्याला आणून सोडले होते. पहिले मूल गेल्यावर ती दोन महिने बोलली नव्हती, हे त्याचे कारण. आता ती पासष्ट वर्षांची होती. एकोणतिसांपैकी एकाही पत्राला उत्तर गेलेले नव्हते. ओवीने तिसाव्या पत्राची वाट पाहिली नाही.

ओवीने नव्या चपलांचा एक जोड आणला होता. करंजव्याची एक रीत होती, ती इमारतीबरोबर इथेही आली होती. भरती होताना बाईच्या चपला काढून घेत, दोरीने बांधून त्यांना तिचा क्रमांक लावत आणि कोठीत ठेवत. सुटताना परत देत. आत सगळ्या अनवाणी चालत. चपलेवाचून कोणी फार लांब पळत नाही, असा त्यामागचा जुना हिशेब.

फाटकावरचे कारकून सोनकांबळे यांनी ओवीने आणलेले एकोणतिसावे पत्र वाचले, तारीख पाहिली आणि ते परत दिले. सुटका स्थगित झाली होती. एकट्या हर्षलाची नव्हे, पत्रे हातात असलेल्या बाराही जणींची. कारण त्यांना माहीत नव्हते. ते म्हणाले, वर प्रयोगशाळेत केळसकर मॅडम आहेत, त्या सांगतील, आणि ऊन फार आहे, पाणी पिऊन जा.

आत्याला भेटायची मात्र परवानगी होती. हर्षला दक्षिण दालनात भिंतीला पाठ टेकून बसली होती. बाकीच्याही तशाच, ओळीने. दालनात लांबच्या लांब, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, भिंतीवर एक काळपट गुळगुळीत पट्टा होता. दोनशे वर्षांत टेकलेल्या पाठींनी तो केला होता. घटकनोंदीत त्याला क्रमांक होता. हर्षलाचे बोचके बांधून तयार होते.

“जायचं ना?” तिने विचारले.

“जरा कागदाचं बघून येते आत्या.”

“बघ गो. माझी घाई नाही. बोचकं मात्र सोडत नाही मी.”

डॉ. मुक्ता केळसकर या बांधकामातल्या क्षारांच्या अभ्यासक. तीस वर्षे त्यांनी जुन्या विटा तोलल्या, भिजवल्या, वाळवल्या होत्या. त्यांनी ओवीला आधी उत्तर दालनात नेले. ते रिकामे होते. जमिनीवर भिंतीच्या कडेने लाल भुग्याचे ढीग लागले होते, आणि भिंतींवर पांढरी लव आली होती. केळसकरांनी बोट लावले तसा विटेचा पापुद्रा सुटून खाली पडला.

इथे एक्केचाळीस बायका राहत होत्या, त्यांनी सांगितले. घरे आधी सापडली ती त्यांची, म्हणून त्या आधी गेल्या. शेवटची गेली त्याच्या सतराव्या दिवशी पहिली वीट फुटली. आतापर्यंत तीन हजार शंभर. पलीकडच्या दक्षिण दालनात, त्याच मातीच्या, त्याच भट्टीच्या भिंतीत, एकही नाही. तिथे सत्त्याहत्तर बायका आहेत.

कारण विटेत होते. खाडीच्या मातीत मीठ असते, आणि भाजल्यावरही ते विटेच्या छिद्रांत राहते. हवा पुरेशी दमट असेल तोवर ते विरघळलेले असते. हवा सुकली की त्याचा खडा होतो.

“आणि खडा वाढताना छिद्राला—”

“आतून ढकलतो,” ओवी म्हणाली. “आमची मिठागरं होती, मॅडम. आजी सांगायची, पावसात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं त्याची काळजी नाही. उन्हाळ्यात ते आवळतं तेव्हा बरणी तडकते.”

केळसकरांनी बोटाला लागलेला भुगा झटकला. “हे मी विद्यापीठात दोन तास शिकवते,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी उरलेले सांगितले. ती सीमा पंच्याहत्तर टक्क्यांची. हवेतली ओल त्याच्या वर असेल तर मीठ द्रवरूपात राहते, खाली गेली की खडे धरते. करंजव्याला खाडीचीच हवा होती, तेव्हा हा प्रश्न कधी आला नाही. या माळावर मार्चच्या दुपारी ओल अठरा टक्के असते. आणि तरी दक्षिण दालनात, दारे लावलेली असताना, ती पंच्याहत्तर पूर्णांक चार असते. एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला सुमारे लिटरभर पाणी हवेत सोडतो. सत्त्याहत्तर बायकांचे सत्त्याहत्तर लिटर. या ओलीला केळसकरांनी नाव दिले होते ‘श्वासओल’. त्यांच्या अहवालात हा शब्द पहिल्यांदा आला, आणि आता तो कायद्याच्या भाषेतही आला होता.

“फरशी दोनदा पुसा मग,” ओवी म्हणाली.

ते करून झाले होते. पुसलेले पाणी तासाभरात उडते, ओल एकदम चढते आणि एकदम उतरते. विटेला मारतो तो हाच चढउतार. श्वास संथ असतो, झोपेतही चालू असतो. भिंतीतले मीठ लेप लावून ओढून काढता येते, पण या जाडीला अकरा वर्षे लागतील.

“ओल सोडणारी यंत्रं नसतात?”

“असतात. मी उत्तर दालनाच्या एका खोलीत लावून पाहिलंय. उत्तम चालतं.”

“मग इथेही लावा,” ओवी म्हणाली.

“यंत्र लावलं की आधारित,” केळसकर म्हणाल्या. “श्रेणी गेली. सहा महिन्यांत भूखंड खाली करायचा. माणसं यंत्र नाहीत. ती आधीपासून आत होती, म्हणून ती मूळ घटक.”

“असं कोणी ठरवलं?”

घटकनोंदीत शेवटचा रकाना ‘ओलीचा स्रोत’ असा असतो, त्या म्हणाल्या. बहुतेक इमारतींना तिथे विहीर, हौद किंवा समुद्रवारा असे लिहितात. त्यांनी मोजमाप केले आणि जे खरे होते ते लिहिले: दक्षिण दालन, सत्त्याहत्तर व्यक्ती. रकाना रिकामा ठेवला असता तर अहवाल अपुरा ठरला असता. तीस वर्षांत त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. नोंदीत आलेला घटक काढता येत नाही, हे कलम त्यांना पाठ होते. ते या ओळीला लागेल असे लिहिताना त्यांच्या मनात आले नाही.

“मी फक्त आकडा लिहिला,” त्या म्हणाल्या.

ओवीने विचारले की एका बाईने किती फरक पडतो. शून्य पूर्णांक तीन टक्के, केळसकर म्हणाल्या. एक गेली तर पंच्याहत्तर पूर्णांक एक. दुसरी गेली तर सीमेच्या खाली. म्हणजे नियमाने एक जाऊ शकते. पण पत्रे बारा जणींकडे आहेत.

ओवीच्या धंद्यातली गोष्ट आता आली. तिने विचारले, मापकाची चूक किती धरता? केळसकरांनी खरे ते सांगितले: दीड टक्का, वर किंवा खाली.

“म्हणजे पूर्णांक तीनला अर्थच नाही. पाच जणी गेल्या तरी तुम्हाला कळणार नाही.”

“मला कळणार नाही. पण आकडा छापून जातो. तुम्ही मीटर तपासता ना? चूक दोन टक्के असते म्हणून तुम्ही कुणाचं तोडलेलं पाणी जोडून दिलंय कधी?”

ओवीने दिले नव्हते. मागच्याच आठवड्यात तिने एका चाळीचे तोडले होते.

वारसापठाराचे संचालक श्रीनिवास उपळेकर यांनी तिला बसायला सांगितले, लिंबूपाणी मागवले आणि सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी तिला वसतिगृहाचा कागद दाखवला. वसतिगृह इमारतीच्याच श्रेणीवर मंजूर झाले होते. ते बांधले जाईपर्यंत या बायकांना दालनांशिवाय छप्पर नव्हते. श्रेणी गेली तर भूखंड जाईल आणि त्याबरोबर वसतिगृहही. सत्त्याहत्तरांतल्या पासष्ट जणींना जगात कोणी नाही. बारा जणींसाठी त्या पासष्टांना कुठे सोडू, असा त्यांचा प्रश्न होता. कोणाला डांबून ठेवलेले नाही, फक्त तारीख पुढे गेली आहे, असे ते दोनदा म्हणाले. तारीख कोणती, ते त्यांनी सांगितले नाही.

मग त्यांनी कलम काढून दाखवले. मोडलेल्या कौलाच्या जागी त्याच जातीचे, त्याच मापाचे कौल बसवता येते, त्याने अखंडता भंगत नाही.

“नोंदीत नावं नाहीत, संख्या आहे,” ते म्हणाले. “तुम्ही एक आणा, एक घेऊन जा. मी आज सही करतो.”

ओवी उठली. लिंबूपाणी तसेच राहिले. ती म्हणाली, “साहेब, कौल आहे का ते?” आणि बाहेर पडली. त्या संध्याकाळी ती चपलांचा नवा जोड घेऊन एकटीच परत गेली.

पुढचे चार महिने तिने जे करायला हवे ते सगळे केले. वकील पाहिला, अर्ज केले, दोन वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. एकाने ते छापले, श्वासओलीच्या शोधाचे कौतुक करणाऱ्या लेखाच्या खाली. दर रविवारी ती माळावर येई. पाहुण्यांसाठी आता दक्षिण दालनाच्या दारात एक काच बसवली होती, जुन्या चौकटीत, अखंडतेला धक्का न लावता. पाहुणे काचेतून भिंत बघत. मार्गदर्शक त्यांना पाठींचा पट्टा दाखवी आणि बोलताना आवाज खाली ठेवा म्हणे. बाया कधी काचेकडे बघत, कधी नाही.

“तो टोपीवाला मघापासून भिंतच बघतोय,” एकदा हर्षला म्हणाली. “आमच्याकडे बघेल तर त्याचं तिकीट फुकट जाईल.”

बोचके तिने सोडले नव्हते. त्यातले लुगडे तेवढे मधून मधून काढून धुवून परत बांधे. ओवीने एकदा सांगितले की वेळ लागेल. हर्षला म्हणाली, तुझा बापूस पण तेच लिहायचा. ओवीने तिला सांगितले नाही की त्याने कधीच काही लिहिले नव्हते. ती पत्रे हर्षलाने मनात लिहून घेतली होती, वर्षाला एक, उत्तरासह.

त्या वर्षी पावसाने माळाकडे पाठ फिरवली होती, आणि जूनमध्ये दक्षिण दालनातल्या दोन वृद्धा पाठोपाठ वारल्या. मापकावर चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ आले, आणि आठवड्याने पट्ट्याच्या वरच्या बाजूला बोटभर पांढरी लव दिसली. उपळेकरांनी रुग्णालयाचा परवाना पाहिला. तो रद्द झालेला नव्हता. कोणी रद्द करायला विसरले होते. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात चार ओळींची सूचना आली: वारसा रुग्णालयात स्त्रियांसाठी काही जागा उपलब्ध, नातेवाइकांनी संपर्क साधावा. केळसकरांनी याला लेखी हरकत घेतली. ती फाइलला लागली. ओल मोजण्याचे काम त्यांनी सोडले नाही, कारण त्या सोडून गेल्या असत्या तर मोजमाप दुसऱ्याने केले असते, आणि कमी नेमके.

उपळेकरांना वाटले होते, एखादी येईल. तीन आठवड्यांत चौतीस अर्ज आले. नवऱ्यांचे, दिरांचे, दोन मुलांचे, एका बापाचेही. प्रत्येकाने आपापल्या बाईचे लक्षण लिहिले होते. बोलत नाही. फार बोलते. माहेरी निघून जाते. तपासायला बसलेल्या डॉक्टरांना रिकाम्या जागांची संख्या आधी सांगितलेली होती.

ओवीने ती सूचना वाचली होती. ऑगस्टमध्ये तिला पत्र आले: स्थगिती उठली आहे, हर्षला घरत हिला घेऊन जावे. ते तिसावे पत्र. त्यात कारण दिलेले नव्हते. तिने फोन करून वेळ विचारून घेतली. दुसरे काही विचारले नाही.

ती पोचली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. कोठीतून हर्षलाच्या एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या चपला देता आल्या नाहीत. त्या आता घटक होत्या, क्रमांकासह. सोनकांबळ्यांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ओवीने नवा जोड काढला आणि पायरीवर बसून आत्याच्या पायांत घातला. हर्षलाला त्यात चालता येईना. चार पावले टाकून ती थांबे, पायांकडे बघे.

फाटकाशी एक गाडी उभी होती. तिच्यातून एक मुलगी उतरली होती, तेविशीची, हातात प्लास्टिकची पिशवी. बरोबर दोन पुरुष. ते सोनकांबळ्यांशी बोलत होते आणि मुलगी जकातघराच्या छपराकडे बघत होती. मग कोणीतरी तिला काही सांगितले. तिने वाकून चपला काढल्या, जोडीने नीट ठेवल्या. सोनकांबळ्यांनी त्या उचलल्या आणि दोरी शोधायला आत गेले.

“ती कोण?” हर्षलाने विचारले.

“नवीन कामाला लागली असेल,” ओवी म्हणाली. “चल आत्या, ऊन होतंय.”

हर्षला गाडीत बसली. बोचके मांडीवर घेतले. गाडी दीपगृहाजवळून वळली, मासळीबाजार मागे पडला, आणि माळ संपून बाजरीची शेते लागली.

“कामवाल्यांच्या चपला नाही घेत गो,” मग ती म्हणाली.

थोड्या वेळाने हर्षलाने स्वतःच्या चपला काढल्या, पायाने आत सारल्या आणि सीटला पाठ टेकली.

त्या दिवशी दुपारी डॉ. केळसकरांनी नेहमीप्रमाणे नोंद केली. दक्षिण दालन, व्यक्ती सत्त्याहत्तर. ओल पंच्याहत्तर पूर्णांक चार. भिंतीची स्थिती उत्तम.